व्याह्यांची खाजणातली सायकल

आमच्या व्याह्यांइतकं सपाट जमिनीवर प्रेम करणारा माणूस उभ्या कोकणात दुसरा नसेल. एरवी रत्नागिरीच्या माणसाला सपाटीचं काय पडलंय? त्याचा जन्म चढण्यात आणि उतरण्यात जातो. घर वर तर विहीर खाली, कातळाचा सडा वर तर बंदर खाली. पण माझ्या मुलीच्या या सासऱ्यांनी सगळी नोकरी मोजणी खात्यात, लोकांच्या जमिनी मोजत डोंगर चढण्यात घालवली आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला जाहीर केलं, की इथून पुढे आपण चढणार नाही. "कोकणात सपाट जागा दोनच," ते म्हणतात, "एक कॅरमबोर्ड आणि दुसरी काजळी नदीकाठची खाजणं. कॅरम मला येत नाही." खाजण म्हणजे खाडीलगतची खारी, दलदलीची जमीन. तिथे खाडीचं पाणी अडवायला मातीचे लांबच लांब बांध घातलेले असतात. बांधाच्या एका अंगाला चिखल आणि कांदळवन, दुसऱ्या अंगाला कुणगे, म्हणजे भाताची छोटी खाचरं, आणि मधून माणूसभर रुंदीची वाट. या वाटेवर आमचे व्याही रोज सायकल चालवतात.

सायकल साधी नव्हती. तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, जाड टायर, आणि खडी, माती, वाळू कशावरही चालणारी. कोल्हापूरला जाऊन त्यांनी ती घेतली आणि तिच्यावर बसूनच घरी आले. वाटेत मुक्काम केला, पालीला थांबून दोन प्लेट भजी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले. विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. "चढणार नव्हतात ना? मग आंबा घाट?" व्याही शांतपणे म्हणाले, "घाट मी उतरलो. चढले ते कोल्हापूरकडून येणारे रस्ते, आणि ते हळूहळू चढतात, कळत नाही." त्या सायकलीला घरात कुणी बोट लावायचं नाही असा नियम होता. जावई लहानपणी बापाला जितका घाबरला नसेल, तितका या सायकलीला घाबरत असे.

त्यांचं पंचांगाचं वेड तर मला मुलीच्या लग्नाच्या बैठकीतच दिसलं होतं. भटजींनी एक तिथी काढली. व्याह्यांनी खिशातून छोटं पंचांग काढलं, बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "द्वितीया? सकाळचा मुहूर्त? नाही हो जमायचं." मी मनात म्हटलं, पत्रिकेत काही निघालं, की मुलाकडच्यांचा विचार फिरला? मी हात जोडून म्हणालो, "काही दोष आहे का?" ते म्हणाले, "दोष कसला! द्वितीयेला सकाळी साडेसातला पाणी तळाला जातं. खाडी एवढी उघडी पडते की चिखलात निवट्या मासोळ्या नाचताना दिसतात. तो दिवस मांडवात घालवायचा?" शेवटी मुहूर्त दुपारचा ठरला. लग्नाच्या दिवशी मी मांडवाच्या दारात व्याह्यांचे पाय धुवायला वाकलो, तर टाचांना खाजणाचा काळा चिखल! मी वर पाहिलं. ते खाली वाकून माझ्या कानात म्हणाले, "नीट घासा. हिला कळता कामा नये."

निवृत्तीनंतर मी माझ्या नोकरीच्या गावी, अलोऱ्याच्या कॉलनीतच राहिलो, पण मुलीच्या निमित्ताने रत्नागिरीच्या फेऱ्या वाढल्या. पहिल्याच फेरीत त्यांनी मला जावयाची जुनी सायकल दिली आणि बांधावर नेलं. त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे दर दहा हातांवर थांबणं. वाटेत कुर्ली आडवी आली की सायकल उभी. ती नांग्या उगारून पलीकडे जाईपर्यंत कुणी हलायचं नाही. खंड्याने सूर मारला की तो मासा घेऊन वर येईतो पुन्हा मुक्काम. बांध कुठे खचला असेल तर मात्र ते गंभीर होत. खाली उतरून चवड्यावर बसत, मातीत बोट घालून बघत, तिथे काठी रोवत आणि वाडीत जाऊन सांगून येत. वाडीतली निम्मी घरं मुंबईला. मागे राहिलेली म्हातारी माणसं आणि बायका. सुरुवातीला त्यांना वाटलं, हा माणूस रस्त्यासाठी जमीन मोजायला आलाय. एकदा बांधाकाठच्या घरातल्या इंदूवहिनींनी त्यांना अडवलंच.

"मोजनी कसली चाललीय?"

"मोजणी नाही वहिनी. असाच फिरतो."

"रोज? या वयात?" त्यांनी व्याह्यांना खालून वर न्याहाळलं आणि आवाज खाली आणला. "घरात कुनी बोलला काय तुमाला?"

व्याह्यांनी खुलासा करायचा प्रयत्न केला, पण सायकलीचा आनंद म्हणून कुणी चिखलात येतं हे वहिनींना पटेना. पुढे महिनाभर त्या त्यांना हाक मारून कोरा चहा देत होत्या आणि "सून चांगली वागतेय ना आता?" असं विचारत होत्या. सून म्हणजे माझी मुलगी! हे मला चारचौघांत हसत हसत सांगण्याइतका माणूस मोकळा.

मग ते आश्विनातलं उधाण आलं. पौर्णिमेनंतरचा दिवस होता. कुणग्यांतलं भात पिवळं झालेलं, चार दिवसांत कापणी लागणार. आम्ही परतत होतो आणि भरती चढायला लागली होती. एका वळणावर व्याही एकदम थांबले. मला काहीच दिसेना. ते म्हणाले, "ऐका." बांधाच्या पोटातून गुळगुळ आवाज येत होता. कुर्ल्यांनी पोखरलेल्या बिळातून खाडीचं पाणी आत शिरत होतं, आणि कुणग्याच्या बाजूला मातीचा तुकडा सुटून भाताच्या मुळाशी पडत होता. बघता बघता बिळाचं भगदाड झालं.

"बारा-साडेबाराला पाणी पुरतं चढेल," ते म्हणाले. "तुम्ही वाडीत जा. पोती, पेंढा, फावडी, जे असेल ते आणायला सांगा."

"आणि तुम्ही?"

"मी इथेच आहे. जा हो!"

व्याही माझ्यावर असे कधी ओरडले नव्हते. मी साठी उलटलेला माणूस, गियर बदलताना खाली बघणारा, त्या निसरड्या बांधावरून कसा सुटलो ते मला आजही सांगता येणार नाही. दोनदा पडलो. इंदूवहिनींच्या अंगणात पोचलो तो चिखलाने माखलेला. "काय झाला?" त्या म्हणाल्या. मी नुसतं बांधाकडे बोट दाखवलं. त्यांनी कोयता टाकला आणि अशी काही हाक मारली की वाडीतून दहा-बारा माणसं गोळा झाली. पोती, पेंढ्याचे भारे, टोपल्या घेऊन सगळे धावले.

आम्ही पोचलो तेव्हा व्याही कमरेएवढ्या पाण्यात पाठ भगदाडाला लावून उभे होते. लोकांनी मातीची पोती आत लोटायला सुरुवात केली, पण प्रवाह ती कुणग्याकडे ढकलून देई. दोन गेली, तिसरं गेलं. पोत्यांना अडायला काहीतरी हवं होतं, आणि बांधावर ना वासा ना फळी. व्याह्यांनी एकदा इकडेतिकडे पाहिलं. मग ते वर आले, आपली सायकल उचलली, आतल्या, कुणग्याच्या बाजूला जाऊन ती भगदाडावर आडवी घातली आणि पायाने चिखलात दाबली. "आता टाका," ते म्हणाले. पोतं सांगाड्याला अडलं. दुसरं त्याच्यावर बसलं. पेंढा, चिखल, पुन्हा पोतं. ऐन भरतीला पाणी बांधाच्या माथ्याला चाटून गेलं, पण बांध राहिला. शेवटचा एक कुणगा तेवढा खाऱ्या पाण्याने गेला. बाकी सगळं भात त्या लोकांनी आठवड्याभरात घरात नेलं.

सायकल मागाहून काढली. चाकं पिचली होती आणि खारं पाणी सगळ्या सांध्यांत मुरलं होतं. मी हळहळलो तर व्याही म्हणाले, "एवढा भार तिच्यावर कुणी टाकला नव्हता. सोसला तिने." बस्स, एवढंच. पण घरी आल्यावर ते बराच वेळ मोरीत हातपाय धूत बसले, आणि विहीणबाईंनी दार वाजवलं नाही.

जावयाने नवी घेऊन देतो म्हटलं, तर त्यांनी ऐकलं नाही. हल्ली ते एक काळी, साधी सायकल चालवतात. बाहेर पडणं कमी झालंय. परवा आम्ही दोघं नदीच्या काठाने निघालो होतो. पुलाकडे जाताना थोडा चढ लागतो. मी पोचलो आणि वळून पाहिलं, तर ते बरेच मागे होते, तोंड उघडं टाकून एकेक पायडल मारत. त्यांच्या पुढे मी कधीच गेलो नव्हतो. मी सायकल लावली आणि चेनपाशी उकिडवा बसलो.

ते आले. उतरले. दम खात विचारलं, "काय झालं?"

"चेन उतरली वाटतं."

त्यांनी वाकून पाहिलं. चेन जागच्या जागी, घट्ट बसलेली. मग माझ्याकडे पाहिलं. रुमालाने मान पुसली, कठड्याला टेकले आणि म्हणाले, "हो, उतरलीच आहे. बसवा सावकाश. घाई नाही."