पडवीतलं आमेन

वहिनी गेल्याचा फोन कळमनुरीला शेजाऱ्यांच्या घरी आला. धाकटा भाचा होता. "आत्या, आई..." एवढंच बोलला, आणि मला समजलं. वसमतच्या एसटीत बसल्यावर रडू आलं नाही. सारखं एकच मनात येत होतं, आज घरी भाकरी कोण करणार? असल्या वेळी असलं सुचावं याची लाज वाटली. पण सुमनवहिनी म्हटलं की मला आधी भाकरीच आठवते, त्याला काय करू!

आमचं ख्रिस्ती घर. जेवणाआधी प्रार्थना, आणि सगळ्यांचं आमेन झाल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, ही आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शिस्त. आबांना दम्यामुळं सलग बोलवत नसे, म्हणून प्रार्थना माझ्या थोरल्या भावाकडं, दादांकडं आली. आम्ही सगळे बैठकीत आणि वहिनी अंगणापलीकडच्या पत्र्याच्या पडवीत, चुलीपुढं. आमचं आमेन झालं की जरा वेळानं तिकडून तिचं खणखणीत आमेन यायचं, मग जेवण. नव्वदच्या सुमारास मी शाळेत होते, भूक दम धरायची नाही. "वैनी, लवकर म्हण की!" म्हणून मी ओरडायची आणि आबांचे डोळे बघून गप्प बसायची. एकदा पाळकसाहेब जेवायला होते. ते पडवीकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "बाई, प्रार्थनेपुरतं तरी येऊन बसा." वहिनी पडवीतूनच म्हणाली, "साहेब, तव्यावर भाकरी हाय. देवाला समजतंय, भाकरीला न्हाई समजत." आबांसकट सगळे हसले. तो विषय तिथंच मिटला.

प्रार्थनेत दादा पावसासाठी उपकार मानत, शेतासाठी, पेरणाऱ्यांसाठी मानत. शेवटाला मात्र आवाज एकदम खाली यायचा... "आणि ज्या हातांनी हे रांधलं, त्यांच्यासाठी तुझे उपकार, प्रभू." वडिलांसमोर बायकोचं कौतुक म्हणजे त्या काळी संकटच! मी त्यांच्या शेजारी बसायची, म्हणून मला ऐकू यायचं. मग तिकडून आमेन आलं की वाटायचं, पोचलं बरं का. सगळ्यांदेखत आणि कुणाला न कळता नवरा-बायकोचं हे रोज चालायचं, त्याचं मला भारी कौतुक. लग्नानंतर आमच्या यांच्या प्रार्थनेत मी ते वाक्य कान देऊन शोधलं. सापडलं नाही.

सुट्टीत माहेरी गेले की मी चुलीपाशी बसायची, पण प्रार्थनेची वेळ झाली की वहिनी मला बाहेर पिटाळायची. "जा, समद्यांत बस. दोन दिसाची पाव्हणी तू." तिच्या पदराला डोक्याजवळ कायम पिठाची बोटं उमटलेली असत. "वैनी, केस पिकले का गं?" मी चिडवायची. तीही हसायची. पुढं आबा गेले, दादा आबांच्या जागेवर बसू लागले. त्या वाक्याला आवाज मात्र खालीच राहिला.

वहिनीला माती दिली त्या दिवशी जेवण शेजाऱ्यांकडून आलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या पाटावर बसले आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. प्रार्थनेकडं कान होता. वाऱ्यानं पत्रा वाजत होता, जाळ फुरफुरत होता. सहज वर बघितलं तर दारातून नेमके तेवढे दादा दिसले. मान खाली, ओठ हलत होते. एक अक्षर ऐकू येत नव्हतं. थापणं थांबवलं, श्वास धरला, तरी नाही. मग आमेनही ऐकू न येता त्यांची मान वर झाली आणि मला कळलं, संपली.

वहिनी इतकी वर्षं हेच करत होती. मान खाली गेली की पिठाच्या हातानं पदर डोक्यावर घ्यायचा, मान वर आली की आमेन म्हणायचं. मधल्या वेळात ती स्वतःशी कशाचे उपकार मानत होती, देव जाणे.

तिकडं कुणी जेवत नव्हतं. सगळे पडवीकडं बघत होते. माझ्या तोंडून आमेन निघेना. शेवटी दादाच उठून आले आणि चुलीपाशी उभे राहिले.

"मंदे, तिला हितं ऐकू येत व्हतं ना गं?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या पाटावर बसून जीभ रेटेना.

"न्हाई दादा. काहीच ऐकू येत न्हाई."

"मग आमेन कशी म्हणायची?"

"तुमची मान वर झाली की."

दादा परत गेले. ताट तसंच राहिलं.

रविवारी उपासनेहून आल्यावर ते आपलं ताट घेऊन पडवीत आले. मागून दोन्ही भाचे आले. मी पाटावरून उठले, जमिनीवर बसले. दादांनी पाटाकडं तोंड करून प्रार्थना सुरू केली. पाऊस झाला, शेत झालं, पेरणारे झाले. मग आवाज खाली येण्याऐवजी चढला, पत्र्याला आदळला. "आणि प्रभू, माझ्या सुमनच्या हातांसाठी..." तिचं नाव आमच्यासमोर त्यांनी पहिल्यांदाच घेतलं होतं. आम्ही आमेन म्हणालो आणि थांबलो. पाटाच्या वर, दोरीवर तिचं लुगडं तसंच होतं, पदराला पिठाची बोटं होती. तव्यावरची भाकरी करपायला लागली. सगळ्यांना वास येत होता. कुणीच उठलं नाही.