हरणीचे दोन पट्टे

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. मुलीच्या लग्नाच्या बैठकीत, पाच माणसांसमोर, हरणीचं पहिलं पिल्लू मला द्यायचं त्यांनी कबूल केलं आणि आजतागायत दिलेलं नाही. स्वारगेटच्या फुटपाथवर बल्ब विकण्यापासून बिबवेवाडीत स्वतःचं इलेक्ट्रिकचं दुकान थाटेपर्यंत मला फसवायचा प्रयत्न अनेकांनी केला. जमलं नाही कुणाला. जमलं ते एका अशा माणसाला, ज्याला साधं खोटं बोलता येत नाही.

व्याही कात्रजच्या डोंगराखालच्या गावचे. गाव शहरात आलं, त्यांचं रान विकलं गेलं, त्यावर कॉम्प्युटरवाल्यांची काचेची इमारत उभी राहिली. पैसा आला, पण माणूस जागचा हलला नाही. तीन मजली बंगला बांधून हे झोपतात अंगणातल्या बाजेवर. हरणी ही त्यांची कारवानी कुत्री. लांब तोंड, पोट पाठीला चिकटलेलं, आणि पळताना पाय जमिनीला लागतात की नाही अशी शंका यावी. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सशामागं सोडायला हीच जात पाळलेली. शिकारीला बंदी येऊन जमाना झाला, ससेही उरले नाहीत. तरी रोज सकाळी मुंडासं बांधून ते "शिकारीला जाऊन येतो" म्हणत निघायचे आणि रिकाम्या हातानं परतायचे. विचारलं तर म्हणायचे, "हरणी पळाली न्हवं? झाली शिकार."

सोडली की हरणी दिसेनाशी व्हायची, म्हणून आयटीतल्या आमच्या जावयानं परदेशातून रेडिओचे दोन पट्टे आणले. एक गळ्यात, दुसरा चार्जिंगला. हातातल्या यंत्रावर बाण फिरतो आणि कुत्रं कुठं आहे ते दाखवतो. वडील गोंधळू नयेत म्हणून जावयानं दोन्ही पट्ट्यांना यंत्रात एकच नाव घातलं, 'हरणी'. एवढा पगार घेणाऱ्या माणसाची ही अक्कल! आणि चार्जिंग कुठं, तर माझ्या दुकानात. एकदा मी तडकून विचारलं, "तुमच्याकडे लाईट नाही का?"

"हाय की. पर घरचं इलेक्ट्रिकचं दुकान असताना ती कशाला जाळायची?"

असाच एकदा दसऱ्याला ते एक पट्टा ठेवून गेले; सणाचा दिवस म्हणून दुसरा त्या रात्रीपुरता घरीच लावतो म्हणाले. चार्जिंगचा चिमटा लावला, दिवा लागेना. पाहतो तर पट्ट्याच्या डबीवरच्या पितळी ठिपक्यांवर हळदकुंकवाचा थर! खरवडून काढला, मग चार्जिंग सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही दोन भाऊबंदांना घेऊन जीपमधून उतरले. यंत्र आरतीच्या ताटासारखं पुढं धरलेलं.

"पाव्हणं, हरणी भाईर काढा."

"कसली हरणी?"

"पहाटंपासनं गावली न्हाई. यंत्राचा बाण डोंगरापासनं हितंच हाय."

"पिल्लू मिळंना म्हणून आईच उचलली," एक भाऊबंद म्हणाला. गिऱ्हाईकं वायरी सोडून आमच्याकडे बघायला लागली.

माझं डोकं फिरलं. "अहो, चोरायचीच असती तर बैठकीआधी चोरली असती! मुलगी तरी द्यावी लागली नसती!"

व्याही ऐकत नव्हते. बाणामागं चालत ते काउंटरपाशी आले आणि चार्जिंगला लावलेल्या पट्ट्यासमोर थांबले. पट्टा उचलून त्यांनी खाली पाहिलं. एवढी मोठी कुत्री पट्ट्याखाली कशी असेल? पण खरं सांगतो, त्यांच्याबरोबर मीही वाकून पाहिलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"दोन्ही पट्ट्यांची पूजा केलीत?"

"मग? एकाची करून दुसऱ्याला नाराज ठिवू?"

"आणि तिच्या गळ्यातल्यावरचं कुंकू पुसलंत का?"

"देवाचं कुंकू कुणी पुसतं व्हय?"

म्हणजे घरी लावलेला तो पट्टा रात्रभर चार्ज झालाच नव्हता. यंत्राला दिसत होता तो फक्त माझ्या काउंटरवरचा. हे कळल्यावर व्याह्यांनी हातातला पट्टा काउंटरवर ठेवला. "म्हंजी ती एकलीच हाय," ते पुटपुटले. मधे हायवे होता, त्यावरचे ट्रक होते. भर धंद्याच्या दिवशी मी शटर ओढलं.

मी जीप डोंगराकडं वळवायला सांगितली. ते म्हणाले, "तिकडं न्हाई. काचंकडं घ्या."

इमारतीच्या फाटकात, पहारेकऱ्याच्या खुर्चीखाली हरणी बिस्किट खात पडली होती. पोरगेला पहारेकरी विदर्भाकडचा. "काका, आज उशीर झाला तुमाले? हे तं कवाचीच येऊन बसली."

आज उशीर झाला! म्हणजे हे रोज येत होते. शिकार ती हीच. आत जायला कार्ड लागतं, म्हणून कुंपणाबाहेर उभं राहून ते मला बोटानं दाखवायला लागले. "थितं हीर व्हती. हिची आई त्या बांधावरनं पळायची."

मी गोंधळलो होतो, पण भेटेल तिथं पिल्लू मागायची सवय कुठली जायला. "ते असू द्या. माझं पिल्लू?"

हरणीच्या मानेवरून हात फिरवत ते म्हणाले, "पिल्लं न्हाई होऊ द्यायची, पाव्हणं. पळणाऱ्या जातीला कुंपनात कशाला जल्माला घालायचं?"

"कधी ठरवलंत हे?"

"रान इकलं त्या दिशी."

आता हरणीचं तोंड पांढरं झालंय. व्याही तिला घेऊन माझ्या दुकानात येतात. ती पायरीवर झोपते आणि गिऱ्हाईकं तिला ओलांडून आत येतात. मी ओरडत नाही. पण एक गोष्ट काही केल्या उलगडत नाही. रान विकलं ते लग्नाच्या आधी. म्हणजे बैठकीत "दिलं" म्हणाले, तेव्हा पिल्लू व्हायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं. मग हा खोटं न बोलणारा माणूस 'हो' का म्हणाला? मला तोंडावर नाही म्हणवेना म्हणून? की घटकाभर त्यांनाही वाटलं होतं, असेल अजून कुठंतरी रान? बैठकीतली पाचही माणसं हयात आहेत. त्यांना पुन्हा बसवतो. व्याह्यांनी समोर यावं आणि याचं उत्तर द्यावं.