पोरामागं शंभर ग्रॅम

माझा स्वभाव आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. जिल्हा परिषदेच्या शाळांतून पंचवीस-सव्वीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळं दुसऱ्याची चूक मला लांबून दिसते आणि ती बोलून दाखवल्याशिवाय माझा घास खाली उतरत नाही. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईबरोबर राहिले. तीन वर्षांपूर्वी ती गेली, आणि सिडकोतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी एकटी उरले. त्यानंतर दिवसातून एकदा तरी माझ्यासमोर बसून जेवेल असं एक माणूस मला मिळालं होतं. ते मी माझ्या हातानं घालवलं.

शाळा फुलंब्रीच्या पुढं, फाट्यावर उतरून पंधरा मिनिटं चालत. पहिली ते पाचवी, साठेक पोरं, आम्ही तीन शिक्षक. आई गेली त्याच वर्षी माझी तिथं बदली झाली. पोषण आहाराचं काम दोन्ही सरांना नकोच होतं. "बाई, तुमचं गणित पक्कं," असं म्हणून त्यांनी ते माझ्या गळ्यात मारलं. मीही स्तुतीला भुलले. पोरामागं शंभर ग्रॅम तांदूळ, डाळ इतकी, भाजी इतकी, सगळं कागदावर ठरलेलं. रोज हजेरी बघायची आणि तेवढं मोजून काढून द्यायचं.

शिजवायला खाला होत्या. गावातच राहायच्या, वयानं माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या. नवरा वारलेला, एकुलती मुलगी शहरात दिलेली. पोरं त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची; सरपंच खाला म्हणायचे, मग मीही खालाच म्हणू लागले. बोलायच्या आमच्यासारखंच मराठवाडी मराठी, पण मनाला काही लागलं की पटकन आपल्या बोलीत शिरायच्या.

पोरांच्या आधी शिक्षकानं चव घेऊन वहीत नोंद करायची असा नियम आहे. मी चमचाभर खिचडी जिभेवर ठेवायची, 'चव चांगली' असं लिहायची आणि वर्गात परत जायची. पहिल्या महिन्यातच एकदा पोरं जेवून उठल्यावर खालांनी भरलेलं ताट माझ्यासमोर सरकवलं.

"चव झाली. आता जेवा."

माझ्या कपाळावर आठी. "खाला, हे पोरांचं आहे."

"पोरांचं झालं ना जेवून. भांड्याला उरलेलं काय भिंतीला भरवू?"

त्या दिवसापासून आम्ही दोघी रोज स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्याशी बसून जेवायचो. माझा डबा उघडला की त्या हसायच्या. "हा डबा हाय का औषधाची पुडी?" दोन पोळ्या आणि काहीतरी सुकं, सकाळी घाईत भरलेलं. रात्री तर मी दूध-बिस्किटांवरच भागवायची. एकटीसाठी कुकर लावायचा म्हणजे त्याची शिट्टी तरी कुणाला ऐकवायची? हे मी एकदा बोलून गेले तेव्हा खाला हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पळी वाढली आणि मटकीला मोड यंदा कसे लवकर येतात ते सांगत बसल्या.

मैत्री वगैरे म्हणावं असं आमच्यात काही नव्हतं. त्या माझ्या घरी कधी आल्या नाहीत, मी त्यांच्याकडं गेले नाही. पण रविवार मला खायला उठायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर मी दिवस मोजायची, आणि लोक म्हणायचे, बाईंना काम लई प्यारं.

खाला वाढायच्या तोंडाकडं बघून. पहिलीतल्या चिमुरड्यांना अर्धी पळी. "संपव, मग आणखी देते." पाचवीतल्या दांडग्यांना दीड. चौथीत एक मुलगी होती, तिचे आईबाप दोघंही कंपनीत कामाला, सकाळी अंधारातच घर सोडायचे. पोरगी चहा-खारी खाऊन शाळेत यायची. तिला दोन पळ्या, न मागता. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत चालायचं आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

मग आरोग्य तपासणीला पथक आलं. पोरांची वजनं झाली, उंची झाली, काहीजण कमी भरले. त्यातला तरुण डॉक्टर साधेपणानं म्हणाला, "मॅडम, आहार मापानं वाढता ना सगळ्यांना?" मी ठसक्यात म्हणाले, "अर्थातच." आणि मग बसमध्ये शहरापर्यंत ते माझ्या डोक्यात घुमत राहिलं. गणिताची बाई मी, आणि माझ्या शाळेत पळ्या अंदाजानं पडतात! घरी आल्या आल्या कपाटातून आईचा काटा काढला.

हा काटा आईच्या साखरेसाठी आणला होता. डॉक्टरांनी तक्ता दिला होता, भात इतके ग्रॅम, पोळी इतकी. सहा वर्षं मी तिला मोजून वाढलं, एक शीत जास्त पडू दिलं नाही. शेवटी शेवटी आई ताटाकडं न बघता काट्याकडं बघायची. ती जगली त्या काट्यामुळं, असं मी सगळ्यांना सांगायची. खरं असेलही. पण तिचं एकही जेवण तिच्या मनासारखं झालं नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी मी काटा घेऊन शाळेत गेले. खालांनी वाढलेल्या पाच ताटांचं ओळीनं वजन केलं. पाचही वेगळी! मी त्यांना आकडे वाचून दाखवले. त्या हसल्या. "बाई, काट्याला पोरं दिसत्यात व्हय?"

मला हसू आलं नाही. मी एक स्टीलची वाटी नेमून दिली. काठोकाठ, वरून सपाट, प्रत्येकाला तेवढंच. दोन दिवस त्यांनी निमूट ऐकलं. तिसऱ्या दिवशी ती चौथीतली मुलगी पुढं आली, आणि वाटी ताटात उलटी केल्यावर खालांनी हळूच आणखी अर्धी भरली. मी मागंच उभी होते. पोरांच्या रांगेसमोर मी त्यांचं मनगट धरलं.

"खाला, माप!"

"माप तांदळाला हाय बाई, पोटाला नाय."

"मला शिकवू नका. हे सरकारचं धान्य आहे. वाटायची एवढीच हौस असेल तर स्वतःच्या घरी शिजवा आणि वाटा."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय! बोलले आणि कळलं की हे बोलायला नको होतं. मुलीनं ताट पोटाशी धरलं होतं. खालांनी वाटी झाकणावर ठेवली, पदराला हात पुसले.

"हौ बाई. बराबर है," एवढंच म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. मीच वाढायला घेतलं. उद्यापासून मीच वाढणार, हेही सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं.

त्या दिवशी सगळ्या पोरांना वाढून झालं तेव्हा भांडं रिकामं. मला वाटलं, खालांनी कमी शिजवलं. दुसऱ्या दिवशी तांदूळ मी स्वतः उभं राहून धुऊन घेतला, तरी भांडं रिकामंच. उष्ट्याची बादली मात्र गळ्यापर्यंत भरलेली. पहिलीतल्या पोरांना एवढं जात नव्हतं, ती अर्धं टाकून पळायची. आधी हेच लहानग्यांच्या वाट्याचं भांड्यात राहायचं. त्यातून भुकेल्या पोरांना दुसऱ्यांदा मिळायचं, आणि तळाशी उरलेल्यात आम्ही दोघी जेवायचो. शंभर ग्रॅमच्या हिशोबात शिजवणारीला ताट नाही आणि चव घेणारीलाही नाही. तीन वर्षं मी ज्या ताटात जेवले ते खालांच्या अंदाजातून निघत होतं, आणि हे एवढं सोपं गणित मला भांडं रिकामं झाल्यावर सुटलं.

उष्टं गावातल्या म्हशींना जाऊ लागलं. खाला भांडी घासायच्या, ओटा पुसायच्या आणि घरी निघून जायच्या. मी वर्गात फळ्याकडं तोंड करून माझा डबा खायची. ती चौथीतली मुलगी ताट चाटूनपुसून साफ करायची आणि रिकाम्या ताटासमोर तशीच बसून राहायची. मागायची नाही. माझ्याकडं कोण मागणार?

मग पळी खालांच्या हातात परत का दिली नाही, असं कुणीही विचारेल. मी स्वतःलाच विचारते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो हा असा. रोज बसमध्ये ठरवायची, आज सांगते. फाटा आला की वाटायचं, त्याच बोलतील आधी. त्या बोलायच्या ते "गॅस संपत आला बाई", "मीठ आणायला सांगा बाई", एवढंच. असे तीन आठवडे गेले आणि दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीभर मी एकच वाक्य घोकत होते, आणि ते मला नीट पाठही झालं होतं.

शाळा उघडली त्या दिवशी स्वयंपाकखोलीत दुसरीच बाई होती.

मोठे सर म्हणाले, "खालांनी शाळा समितीला सांगितलं ना, लेकीकडं शहरात जाते म्हणून. तुम्हाला माहीत नव्हतं? तुमचं तर त्यांच्याशी लई जमायचं."

मी म्हणाले, "माहीत होतं. विसरले."

नव्या बाईला मी पहिल्याच दिवशी पळी दिली. म्हटलं, तुमच्या अंदाजानं वाढा, पोरांकडं बघून. तिच्या कानावर माझी कीर्ती आधीच गेली होती. ती दोन पावलं मागं सरकली. "नको बाई. ती वाटीच द्या. मापातलं बरं, बोलणं तरी खावं लागत नाय." आता मी तिला काय सांगू? मग मीच अंदाजानं वाढायला लागले. पण तो अंदाज गणित शिकवून येत नाही. ज्याला कमी हवं त्याला मी जास्त वाढते, जो भुकेला आहे तो मला ओळखू येत नाही. त्या मुलीला मात्र दोन पळ्या देते. ती खाते, पण माझ्याकडं बघत नाही.

सरांकडून पत्ता घेऊन एका रविवारी मी गेले. गुलमंडीच्या मागं, सिटी चौकाच्या बाजूला, अरुंद जिन्याचं घर. माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटं. खालांनीच दार उघडलं. जरा थबकल्या आणि म्हणाल्या, "या बाई, या." लेकीनं खुर्ची दिली, पाणी दिलं. खाला जवळच्याच मुलींच्या वसतिगृहात पोळ्या करायला जात होत्या. तब्येत बरी दिसत होती.

दिवाळीपासून घोकलेलं वाक्य मी एका दमात बोलून टाकलं. "खाला, माझं चुकलं. मी तुमच्या हातातून वाढणं काढून घ्यायला नको होतं आणि ते तसलं बोलायला तर मुळीच नको होतं."

"जाने दो बाई," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "तुमचंबी बरोबरच होतं. साहेब आला तर तुम्हालाच विचारणार."

"परत या ना. मी समितीशी बोलते."

"तिथं दुसरी लागली. तिच्या पोटावर कशाला पाय देऊ? आन् हितं लेक हाय, नातवंडं हायत. बरं हाय माझं."

ते खरंच होतं. त्यांचं बरं होतं. मी उठायला लागले तेव्हा रीतीप्रमाणं त्या म्हणाल्या, "जेवायच्या वेळेला आलात, जेवूनच जावा." लेकीनं दस्तरखान अंथरला. रविवारची खिचडी होती, सोबत चिंचेचा आंबट खट्टा. लेक, दोन नातवंडं, खाला आणि मी, असे पाचजण बसलो. किती महिन्यांनी मी कुणाबरोबर जेवायला बसले होते ते माझं मलाच आठवत नव्हतं. मला इतकी भूक लागली होती की डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं.

खालांनी पातेल्यातून डाव भरला, माझ्या ताटावर आणला आणि तिथंच थांबवला.

"किती वाढू, बाई?"

तीन वर्षांत त्यांनी मला हे एकदाही विचारलं नव्हतं. आणि आपल्याकडं पाहुण्यानं काय म्हणायचं ते ठरलेलंच असतं. कितीही भूक असली तरी थोडं म्हणायचं, आणि वाढणारीनं ते ऐकायचं नाही.

"थोडंच वाढा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, आणि थोडंच वाढलं.