बुडाला दोन बोटं जागा

बॅग कुठलीबी असो, मास्तर ती आधी तळहातावर ठेवायचे. खरबूज घेताना आपण कसं वर-खाली करून बघतो, तसं करायचे. मग चष्म्यावरून गिऱ्हाइकाकडं बघायचे.

"हलकी हाय, नाय का? मग यातनं काय काढलंय ते सांगा."

गिऱ्हाईक बावरायचं. ते आपलं बाजारातनं नवी बॅग घेऊन तुटकी चेन बदलायला आलेलं. त्याला काय ठाऊक, काय काढलंय.

"दुकानदार म्हणला, आता अशाच हलक्या निघाल्यात."

"त्याला म्हणायला काय लागतंय? आत बोट घाला आन् बाहेरनं अंगठ्यानं कोपरा दाबा. दाबा, दाबा. लागलं ना बोट अंगठ्याला? इथला फोम खाल्लाय त्यानं."

अशी माणसं तुमच्याबी गल्लीत असतील. दुधात बोट बुडवून बघणारी, बसमधी तिकीट दोनदा वाचणारी. पण मास्तरांसारखा संशयी माणूस मी तरी दुसरा बघितला नाय. आन् मी त्यांच्या हाताखाली तेरा वर्षं काढली.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागल्या बोळात त्यांचं बॅगा शिवायचं दुकान व्हतं. एक मशीन त्यांचं, एक माझं. दोऱ्याचं नवीन रीळ आलं की मास्तर आधी त्याचा तुकडा काडीनं जाळायचे आन् वास घ्यायचे. चेन आली की शंभर वेळा उघडझाप. फोमचा ताव आला की त्याच्यावर उभे राहायचे, उतरायचे, आन् तो परत फुगतोय का ते खाली वाकून बघत बसायचे. फोम आणणारा माणूस म्हणायचा, "मास्तर, मी जाऊ का? का मलाबी जाळून बघायचंय?"

माझीबी तपासणी व्हायची. रोज संध्याकाळी निघताना मास्तर म्हणायचे, "बाई, पिशवी दाखवा." मी दाखवायची. डबा उघडायला लावायचे. पहिल्या वर्षी लय लागलं मनाला. मग सवय झाली, ते म्हणायच्या आत मीच पिशवी उघडून धरायची. एकदा रिकाम्या डब्यावर वाकले आन् म्हणले, "मेथी व्हती वाटतं आज." दुसऱ्या दिवशी मी मेथी जास्तीची नेली. त्यांनी खाल्ली. संध्याकाळी म्हणले, "बाई, पिशवी दाखवा."

विंचूरहून एक कांद्याचा व्यापारी आला व्हता. त्याला लहानशी, मजबूत बॅग पाहिजे व्हती. मास्तर म्हणले, "आत काय ठेवणार?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मग मी नाय शिवत."

तो उठला नाय, मास्तर हटले नायत. दोन चहा झाले. शेवटी मास्तरांनी मला बाहेर पाठवलं, व्यापारी त्यांच्या कानाला लागला, आन् चार दिवसांत बॅग तयार झाली. आत काय जाणार व्हतं ते मास्तरांनी मला कधीच सांगितलं नाय. मीबी विचारलं नाय.

आता माझं सांगते, नायतर पुढचं कळायचं नाय. मी मूळची पेठकडली, डोंगरातली. मालक तापात गेले तेव्हा माझी मंगल चार वर्षांची. तिला घेऊन मी द्राक्षाच्या बागांवर कामाला उतरले. एक दिवस ती मांडवाखाली झोपली व्हती आन् मांडवाचा लोखंडी अँगल निसटून तिच्या डाव्या खांद्यावर पडला. गावातल्या हाडवैद्यानं बांधलं, पण हाड वाकडं जुळलं. त्या दिवशी मी पोरीला पाठीशी बांधून उरलेले घड विरळले. थांबून चालत नव्हतं. पुढं नाशकात आले, मास्तरांकडं मशीन शिकले, आन् पोरीला शिकवलं. ती डिप्लोमा झाली. अंबडला एका कंपनीत लागली. साहेब म्हणला, सहा महिने काम बघू, मग कायम करू.

कंपनीनं तिला लॅपटॉप दिला, रोज घरी न्यायचा-आणायचा. त्याच्यासंगं कंपनीची बॅग दिली, ती नुसती शिळा. डाव्या खांद्याला वजन चालत नाय आन् उजव्या हातानं बसमधली दांडी धरायची. आठ दिवसांत पोरीची मान आखडली. रात्री कूस बदलता येईना.

"सोड ती बॅग," मी म्हणले.

"आई, नोकरी सोडू का मग?" ती म्हणली.

मी मास्तरांना सांगितलं. त्यांचे प्रश्न सुरू झाले. लॅपटॉप कुणाचा? कंपनीचा? मग त्यांची बॅग का नको? दुसरी चालती असं कोण म्हणलं? शेवटी रविवारी मंगलला लॅपटॉप घेऊन बोलावलं. तिनं तो टेबलावर पेपर घालून ठेवला. मास्तर सगळ्या बाजूंनी बघत फिरले, हात लावला नाय.

"याच्यात मोडण्यासारखं काय काय हाय?"

"सगळंच, काका."

मास्तर माझ्याकडं वळून म्हणले, "पोरगी खरं बोलती. शिवतो मी."

पण काम अवघड व्हतं. फोम जाड घातला की बॅग जड. पातळ घातला की खाली आपटल्यावर आतलं मोडणार. मास्तरांनी एक बॅग शिवली आन् मला म्हणले, "बाई, घरनं नागलीचे पापड आणा. कच्चे." मला वाटलं, खायला. त्यांनी एक पापड बॅगेत ठेवला, स्टुलावर चढले आन् बॅग सोडून दिली. उघडून बघितलं, पापडाचे चार तुकडे. दुसरी बॅग शिवली, दोन तुकडे. तिसऱ्या बॅगेत पापड टिकला, पण ती तळहातावर घेऊन मास्तरांनीच तोंड वाकडं केलं. "ही तर कंपनीचीच झाली." तुकडे मी गोळा करून घरी भाजले. वाया कशाला घालवायचे.

मधीच माझी नणंद वारली, मी चार दिवस गावी गेले. परत आले तर चौथी बॅग खुंटीला लटकत व्हती. काळी, साधी, पाठीवर घ्यायची, पट्टे रुंद. मी उचलली. हाताला कायच लागेना.

"तपासली मी," मास्तर म्हणले आन् मशीन चालू केलं. एवढंच. काम कसं केलं ते सांगायची त्यांची रीत नव्हती.

घरी नेली. मंगलनं पाठीला लावली आन् हसली. लय दिवसांनी हसली. मला मात्र झोप येईना. एवढी हलकी कशी? अकरा वर्षं कानावर एकच ऐकलेलं, हलकी हाय म्हंजे काय तरी काढलंय. सकाळी पोरगी आंघोळीला गेली तेव्हा मी बॅगेच्या तळाशी हात घातला. आतल्या कप्प्याच्या खाली चांगली दोन बोटं जागा, नुसती मोकळी. फोम नाय, पुठ्ठा नाय. मला वाटलं, फसवलं मास्तरांनी. सगळ्या जगाचा कोपरा दाबणारा माणूस, आन् माझ्याच पोरीच्या बॅगेचं बूड खाल्लं. गरिबाची पोर, कोण बघतंय.

मास्तरांना विचारायला गेले नाय. विचारून काय, माणूस कबूल थोडाच व्हतो. मंगलच्या गोधडीतनं उरलेला माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा घेतला, गोधडीला भरतो तसा घट्ट घडी घालून त्या जागेत ठासला आन् हातानं बारीक टाके घालून शिवण मिटवली. बॅग थोडी जड झाली. पण माझं मन शांत झालं.

सहा महिने भरायला पंधरा दिवस उरले असतील. अंबडला बसमधून उतरताना गर्दीत मंगलनं एकाच खांद्यावर अडकवलेला पट्टा घसरला आन् बॅग पायरीवरून खाली रस्त्यावर, बुडावर आपटली. लॅपटॉपची काच तडकली. साहेब म्हणला, "कंपनीची बॅग सोडून ही कुठली पिशवी वापरलीस? उद्या लेखी दे, मग तुझं काय करायचं ते ठरवू."

दुसऱ्या दिवशी पोरगी कंपनीत जायच्या आधी दुकानात आली. रडत नव्हती, पण ओठ पांढरे पडले व्हते. कागद लिहून आणला व्हता, चूक माझी आहे म्हणून. मास्तरांनी बॅग घेतली. तळहातावर ठेवली. मग अंगठ्यानं बूड दाबलं आन् अंगठा तिथंच थांबला. शिवणीवरून बोट फिरवलं. माझा हात मास्तरांनीच घडवलेला, माझा टाका त्यांना आंधळ्यालाबी कळला असता. मी खाली मान घालून बसले. आता बोलतील, मग बोलतील. त्यांनी उठून भिंतीवरची टोपी काढून डोक्यावर घातली, कात्री-सुईदोरा खिशात टाकला आन् दुकानाची चावी माझ्यापुढं ठेवली.

"मी अंबडला जाऊन येतो. कुणाला उधार फोम देऊ नका."

अकरा वर्षांत ती चावी मी हातात धरली नव्हती.

तिथं काय झालं ते मंगलनं संध्याकाळी सांगितलं. मास्तर साहेबांच्या खोलीत जाऊन न सांगता खुर्चीवर बसले. आधी साहेबांचीच बॅग तळहातावर घेतली. "साहेब, ही कुणी दिली तुम्हाला? कोपरे बघितले का?" मग मास्तरांनी आमच्या बॅगेची शिवण उसवली, हिरवा तुकडा ओढून काढला आन् टेबलावर ठेवला.

"आतला कप्पा मी चार पट्ट्यांवर टांगलाय, साहेब. पोराच्या झोळीसारखा. बॅग आपटली तरी झोळी झुलती, खाली टेकत नाय. म्हणून बूड मोकळं पाहिजे. मी म्हातारा झालो. मलाच भ्या वाटलं आन् मीच हे भरलं. झोळीखाली जमीन आणून ठेवली मी. पोरीची यात काय चूक नाय."

मग तिथंच शिवण घातली, साहेबांचा चहाचा काचेचा ग्लास मागून घेतला, पुसला, कप्प्यात ठेवला आन् उभं राहून बॅग फरशीवर सोडली. ग्लास शाबूत निघाला. साहेब हसला म्हणे. म्हणला, "आजोबा, अजून एकदा टाका." मास्तर म्हणले, "विश्वास नाय ना? बरोबर हाय." आन् परत टाकली.

मंगलचा कागद साहेबानं फाडला. पंधरा दिवसांनी ती कायम झाली.

हे सांगून झाल्यावर पोरगी म्हणली, "आई, ते हिरवं लुगडं होतं. माझ्या गोधडीतलं."

मी भाकरी थापत व्हते. म्हणले, "हो."



त्या दिवशी मास्तर तिसऱ्या प्रहरी परत आले व्हते. मी चावी पुढं केली. "राहू द्या तुमच्याकडं," ते म्हणले, "हरवली तर नाव तुमचं." मी उभीच. "मास्तर, त्या बॅगेत ते…"

"बाई, काळा दोरा संपत आलाय का बघा."

मी दोरा बघितला. संपत आला नव्हता. संध्याकाळी पिशवी उघडून धरली, ती त्यांनी नेहमीसारखी वाकून बघितली. नसती बघितली तर मला घास गेला नसता.

पुढं मंगलच्या कंपनीतल्या तीन-चार पोरींनी तशाच बॅगा सांगितल्या. मास्तर एकेक शिवायचे. दोन वर्षं गेली असतील. एक दिवस सकाळी ते दुकानात आलेच नायत. घरी पडले व्हते, अंग लुळं झालेलं. लेकरूबाळ नव्हतं. सिन्नरची बहीण येऊन घेऊन गेली. मी रोज जाऊन दुकान उघडायची, झाडायची, बसायची. बाराव्या दिवशी बहीण एकटीच आली, कपाळाला हात लावून म्हणली, "गेला."

ती दुकानाची आवराआवर करायला आली व्हती. फोमचे ताव मोजले, रिळं मोजली, परत मोजली. मास्तरांच्या मशीनवर एक बॅग तशीच व्हती, सुई कापडात रुतलेली, फक्त बुडाची शिवण राहिलेली. तिनं आत हात घातला.

"बाई, याच्या बुडाला तर कायच नाय. पोकळ हाय सगळं. काय घालायचं राहिलं व्हतं त्याचं?"

"काय नाय," मी म्हणले. "सरका, मी पुरी करते."

मास्तरांच्या स्टुलावर बसून मी चाक फिरवलं. ती माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली, चष्मा पुसला आन् पार खांद्यावरून वाकून माझ्या हातांकडं बघत बसली, मी आत काय घालते का काय म्हणून.

मी काय घातलं नाय.