कुलपातलं कॉम्प्युटर सायन्स

"आत वाघ बांधलाय का? वाघ बांधला आसंल तर तसं सांगा, मी आल्या पावली माघारी जाते! पण कॉम्प्युटर आसतील तर उघडा म्हन्ते मी!"

जालन्यात, आमच्या कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, कॉम्प्युटर लॅबच्या दारात उभी राहून माझी आई ओरडत होती. तिचा आवाज चार बांध ओलांडून जाणारा. कॉलेजच्या पॅसेजमध्ये तो मावेना. खाली प्राचार्यांच्या खोलीतला पंखा आपोआप बंद पडला आणि स्टेशनात सुटायला निघालेली गाडी जागच्या जागी थांबली, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच.

आईच्या समोर आमचे लॅबचे सर. चावी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती आणि छातीत कळ आलेला माणूस धरतो तसा त्यांनी तो खिसा धरला होता.

"ताई, आवाज कमी करा. कॉलेजात तपासणीची कमिटी यायचीय. लॅब लावून ठेवलीय, आता हात लावता येत नाही."

"कमिटी कव्हा यायलीय?"

"पुढच्या महिन्यात."

"आन् हिची परीक्षा?"

"सोमवारी."

"मंग आधी काय येतंय, सोमवार का पुढचा महिना? तुम्हीच सांगा बरं, शिकलेले हाव तुम्ही."

त्या दिवशी शुक्रवार होता. पुण्याची एक कंपनी सोमवारी ऑनलाइन परीक्षा घेणार होती. आमच्याच लॅबमध्ये, अकरा ते बारा, दोन प्रोग्रॅम लिहायचे. दोन्ही चालले तर पुढची फेरी आणि पुढं नोकरी. एक जरी अडला तर तुमचं-आमचं जमलं नाही. परीक्षेची लिंक मोबाइलवर उघडत नव्हती. माझं मागणं एवढंच होतं की सोमवारच्या आधी मला दोन तास मशीनवर बसू द्या. कारण तिसरं वर्ष संपत आलं होतं आणि मी कॉम्प्युटरवर स्वतःच्या बोटांनी एकही प्रोग्रॅम पुरा टाइप केलेला नव्हता.

आता मी गोष्ट फुगवून सांगते हे आमच्या कुंभार पिंपळगावच्या बाजारात कुणालाही विचारा. माझ्या पायलीभर तुरीचा गावात पोचेपर्यंत ट्रक होतो. पण वरचं वाक्य मी तराजूत तोलून लिहिलंय. त्यात एक दाणा जास्तीचा नाही.

लॅबमध्ये चोवीस मशिनी होत्या. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, आवाज करायचा नाही. शेजारच्या जांब समर्थच्या देवळातसुद्धा आम्ही याच्यापेक्षा मोकळे वागतो. मशिनींना कापडी खोळी आणि त्या खोळींच्या आत पडद्यांवर कंपनीचं प्लास्टिक जसंच्या तसं. उघडायच्या त्यातल्या चारच. एका मशीनला सहा-सहा जण. पहिल्या रोल नंबरच्या पोरानं पहिल्या वर्षी जो कीबोर्ड धरला तो आमदारानं खुर्ची धरावी तसा धरला. बाकीचे पाच जण मागून बघणार. मी तीन वर्षं त्याच्या मानेमागचा तीळ बघितला. हजार माणसांत पाठमोरा उभा करा, ओळखून दाखवते. बाकीच्या मशिनींच्या खोळी निघायच्या फक्त खंडेनवमीला. त्या दिवशी सर हळदी-कुंकू लावायचे, झेंडूच्या माळा घालायचे, नारळ फोडायचे. दोन कीबोर्डांच्या फटीत अजून तांदूळ असतील.

मग शिकलो काय? जर्नल लिहायला शिकलो. प्रोग्रॅम निळ्या शाईनं, उजवीकडच्या पानावर. त्याचं आउटपुट हिरव्या शाईनं, चौकट आखून. न चालवलेल्या प्रोग्रॅमचं उत्तर आधीच लिहून ठेवणारे या जगात दोघंच, एक पोपटवाला ज्योतिषी आणि दुसरे आम्ही. मी चार जर्नलं भरली. अक्षर इतकं देखणं की बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दहापैकी दहा दिले. मशीन चालू करून दाखव असं त्यांनीही म्हटलं नाही. त्यांना लवकर जायचं होतं.

खरं काय शिकले असेन ते मोबाइलवर. फुटक्या काचेच्या मोबाइलवर, एका अंगठ्यानं. एसटीत उभ्यानं, खोलीच्या गच्चीवर, भेंडीच्या प्लॉटात बांधावर बसून. शंभर ओळींचा प्रोग्रॅम अंगठ्यानं लिहायचा म्हणजे चमच्यानं विहीर खांदायची. मी खांदली. पाणी पण लागलं. म्हणून तर चीड येते.

कॉलेजच्या गेटवर मोठं फ्लेक्स लावलेलं आहे. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स करा आणि व्हा सॉफ्टवेअर इंजिनिअर, डेटा सायंटिस्ट, गेम डेव्हलपर. शेवटी काळा गॉगल घातलेला एथिकल हॅकर. आमच्या आधीच्या बॅचची एक ताई तहसीलजवळच्या केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यांचे फॉर्म भरते. एक दादा बियाण्याच्या पोत्यांवरची लेबलं छापतो. दोघं रोज सकाळी पोलीस भरतीसाठी पळतात. कामं वाईट नाहीत, त्यांना हसायची माझी टाप नाही. पण मग फ्लेक्सवर ते छापा ना! गॉगलवाला काढा आणि पळणारे दोघं लावा!

तर आई त्या दिवशी नव्या जालन्यात सीड कंपनीच्या ऑफिसात भेंडीच्या बियाण्याचा नमुना द्यायला आल्ती. मला डबा द्यायला माझ्या भाड्याच्या खोलीवर आली आणि माझं तोंड बघून तडक कॉलेजात आली. आमच्याकडे सीडप्लॉट आहे, कंपनीसाठी भेंडीचं बियाणं पिकवतो. रोज सकाळी एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला बोटानं लावायचे, हे आईचं काम.

"सर," आई आवाज जरा खाली आणून म्हणाली, "आमच्या भेंडीचं फूल सकाळीच उघडतंय. तव्हा हात लावला तर बी धरतंय. दुपारून लावला तर निस्तं फूल. हिचं फूल आत्ता उघडलंय. सोमवारनंतर चावी दिली तर तिची काय माळ करून गळ्यात घालू?"

"सोमवारी साडेदहाला उघडतो. मशिनी नव्यासारख्या आहेत. बिलकुल काळजी करू नका."

"नव्यासारख्या ऱ्हाणारच. वापरलंय कोण?"

सरांनी चावी दिली नाही.

आई मला घेऊन पुन्हा सीड कंपनीच्या ऑफिसात गेली. मागच्या बाजूला भंगाराचा ढीग होता. वॉचमन काकांना काय सांगितलं ते तिलाच माहीत, पण दहा मिनिटांत ती एक काळा कीबोर्ड काखेत मारून आली. वायर तुटलेली, मधल्या रांगेतली दोन बटणं गायब.

"चालू न्हाई म्हन्ले ते. पण बोटाला काय कळतंय, चालू हाय का बंद?"

शनिवारी आणि रविवारी मी गावात, अंगणातल्या खाटेवर, कशालाच न जोडलेल्या कीबोर्डवर प्रोग्रॅम टाइप केले. जर्नल उघडून आई समोर बसली. तिला इंग्रजी वाचता येत नाही; तिनं आकारावरून काम चालवलं. "आता ते वाकडा कंस. आता दोन टिंबं, एकावर एक. ते वाकडा कंस पुन्हा, उलटा." शेजारची काकू बांधावरून येताना थांबली.

"काय गं, पोरगी पेटी शिकून राह्यली का? भजनात बसवायलीस?"

"हौ," आई म्हणाली, "सोमवारी कार्यक्रम हाय."

दोन दिवसांत माझी दहा बोटं त्या मेलेल्या कीबोर्डवर अशी पळायला लागली की कोंबड्या दाणे टिपायचं सोडून बघत बसल्या. एवढं मात्र थोडं वाढवलंय.

सोमवारी साडेदहाला लॅब उघडायची होती. सर पावणेअकराला आले. आम्ही पंधरा जण चपला काढून आत गेलो. खोळी निघाल्या, बटणं दाबली. एकामागून एक निळे पडदे लागले आणि त्यांवर गोल फिरणारे ठिपके. अपडेट चालू आहे. एक टक्का. मशीन बंद करू नका.

पंधराही मशिनींवर तेच. कित्येक महिने झोपलेल्या मशिनी होत्या त्या, कमिटीच्या नावानं रोजच्या चारसुद्धा. सगळ्यांना एकदमच आठवलं की आपलं काही शिकायचं राहिलंय.

अकरा वाजले. चार टक्के.

"सर, काय करायचं?"

"होईल, होईल. थांबा."

सव्वाअकरा. अकरा टक्के. सरांनी घाम पुसला आणि एका मशीनचं बटण दाबून ते बंद केलं. ते पुन्हा चालू झालं आणि म्हणालं, केलेले बदल मागे घेत आहोत. त्या मशीनपुढं बसलेली मुलगी रडायला लागली. साडेअकरा, छत्तीस टक्के. मी मांडीवर बोटं आपटत होते, मनात पहिला प्रोग्रॅम लिहून झाला होता, दुसराही झाला होता, समोर ठिपके फिरत होते. शुक्रवारी दोन तास, फक्त दोन तास हे दार उघडलं असतं तर ही सगळी भुतं शुक्रवारीच उतरली असती!

माझं मशीन बाराला नऊ मिनिटं कमी असताना उघडलं. मी लिंक उघडली आणि बोटं सोडली. प्रश्न वाचला, लिहिला, चालवला. चालला! पहिल्या झटक्यात, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या बोटांनी. दुसऱ्या प्रोग्रॅमचा अर्धा भाग झाला. आठ-दहा ओळी राहिल्या असतील. कर्सर लुकलुकत असताना पडदा पांढरा झाला आणि त्यावर आलं, वेळ संपली.

मी उठले. खुर्ची मागं पडली. शुक्रवारचा आईचा आवाज म्हणजे कुजबुज वाटावी असा आवाज माझ्या गळ्यातून निघाला.

"सर! महिनोन्महिने बंद ठेवलेलं मशीन चालू केलं की आधी अपडेट होतंय, हे मोबाइल दुकानातल्या पोराला कळतंय! तुम्हाला न्हाई कळत? तीन वर्षं आम्हाला कॉम्प्युटर सायन्स शिकवता तुम्ही! कुठं शिकलात हो तुम्ही, कुठं?"

सरांनी माझी पडलेली खुर्ची उचलून सरळ केली.

"इथंच," ते म्हणाले.