चौथ्यांदा भरलेली सिस्टिम

त्या ऑफिसची आठवण आली की आजही तोंड कडू होतं. ऐंशीच्या दशकाची अखेर, मे महिना, प्रताप नगरातलं दोन मजली सरकारी ऑफिस. मी तिथे टेम्पररी ऑपरेटर होते. सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर तीन वर्षं काढली होती, आणि मला पर्मनंट करायची फाईल साहेबांच्या टेबलावर पडून होती.

ऑफिसात कॉम्प्युटर एकच. त्यात नवी ऑपरेटिंग सिस्टिम भरायला कंपनीचा इंजिनियर आला. एकामागून एक फ्लॉप्या घालून त्यानं ती भरली. मग आमच्या हेडक्लार्कनं, म्हणजे बडे बाबूंनी, मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, सगळ्यांनी हात जोडले. मी जोडले नाहीत. आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच हे सोडलेलं, माझ्या जन्माच्याही आधी. बडे बाबूंनी ते पाहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सेवाज्येष्ठतेची यादी टाईप करत होते. स्क्रीन एकदम काळी झाली आणि मशीन आपोआप पहिल्यापासून सुरू झालं. सकाळपासूनची नावं गेली. तासाभरानं पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ते सुरूच होईना. इंजिनियरनं सिस्टिम पुन्हा भरली, पुन्हा नारळ, पुन्हा दोन दिवसांत बंद. तिसऱ्यांदा भरली तेव्हा बडे बाबू सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही नमस्कार काहून नाही करत बाई? तुमचा हात लागला का मशीन बंद पडून राहिली." दोघं-तिघं हसले. त्या दिवसापासून डबा खाताना माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. कीबोर्डवर सांडलेलं नारळाचं पाणी मात्र मीच पुसायचं. शिसारी यायची, मशीनची नाही, त्या माणसांची.

वडील खापरखेड्याच्या वीजकेंद्रात वायरमन. संध्याकाळी कॉलनीतल्या घरी मी त्यांच्यापुढे सगळं ओकले. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मशीन बंद पडायच्या आधी ट्यूबलाईट बारीक होते का वं? पाह्य बरं उद्या."

दुसऱ्या दिवशी मी पाहत बसले. भिंतीपलीकडे साहेबांच्या केबिनमधला एसी घुर्र करून सुरू झाला, माझ्या डोक्यावरची ट्यूब मंद झाली, आणि स्क्रीन काळी. दिवसभरात पाचदा. पाचही वेळा मी कागदावर टिपून ठेवल्या. एसी खरं तर मशीनला गारवा हवा म्हणून मंजूर झाला होता. त्याच्यासोबत व्होल्टेज सांभाळायला स्टॅबिलायझरही आला होता, तो कुठे आहे म्हणून मी शिपायाला विचारलं. तो सहज म्हणाला, "तो त साहेबाच्या घरी हाय, कलर टीव्हीच्या बाजूले. मीच त नेऊन देल्ला."

इंजिनियरला मी तो कागद दाखवला. त्यानं तो वाचलाही नाही. आरशासमोर भांग नीट करत म्हणाला, "बाई, मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. पण साहेबाले सांगन कोण? आमचं कॉन्ट्रॅक्ट त्याइच्याच सहीनं होते."

म्हणजे इंजिनियरला माहीत, शिपायाला माहीत, आणि बडे बाबूंना माहीत नसेल असं मानायला मी काही खुळी नव्हते. तरी तीन नारळ फुटले होते, आणि दोष माझ्या हाताला.

त्याच आठवड्यात साहेबांनी बोलावलं. मुंबईहून मोठे अधिकारी मशीन पाहायला येणार होते. टाईप केलेला कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला. माझ्या हाताळणीतल्या चुकीमुळे यंत्र वारंवार बंद पडले, असं त्यावर लिहिलं होतं. "सही करा. किरकोळ ताकीद देतो, अन् तुमची फाईल आजच वर पाठवतो. नाही त एकतीस तारखेले तुमची ऑर्डर संपूनच राहिली."

केबिन थंडगार होती. टिपणाचा कागद माझ्या पर्समध्ये होता. "सर, तो स्टॅबिलायझर..." एवढं मी बोलले. त्यांनी मान वर केली. "काय?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि त्यांच्याच पेनानं सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॅबिलायझर माझ्या टेबलाखाली पुसूनबिसून ठेवलेला होता. इंजिनियरनं चौथ्यांदा सिस्टिम भरली. त्यानंतर ते मशीन एकदाही बंद पडलं नाही, त्यामुळे चूक माझीच होती याबद्दल ऑफिसात कोणालाच शंका उरली नाही. बडे बाबू तर येताजाता म्हणायचे, "कबूल केलं न, आता पाहा कशी चालून राहिली."

जूनमध्ये पर्मनंटची ऑर्डर आली. सहीचं मी घरी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी वडील मला घेऊन कॉलनीत घरोघरी फिरले. प्रत्येक दारात ते सांगत होते, "भल्याभल्या इंजिनियरले नाही सापडला तो फॉल्ट आमच्या पोरीनं शोधून काढला, म्हणून पर्मनंट केलं तिले." मी मान हलवत होते. पेढ्यांचा डबा माझ्याच हातात होता.