नादावर बोलणारे मास्तर

एखाद्या पोराने तान घेतली की मास्तर उजवा हात वर करायचे, दोन बोटं जुळवायचे आणि म्हणायचे, "परत."

पोरगा परत गायचा. मास्तर त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. डावा तळहात तंबोऱ्याच्या भोपळ्यावर टेकलेला. "परत." तीनदा, चारदा. पोराला घाम फुटायचा. मग कधीतरी मास्तर बोटं सोडायचे. "आता बसलं."

पोरं बाहेर येऊन एकमेकांना सांगायची की या माणसाचा कान म्हणजे सोनाराचा काटा आहे, केसाएवढी चूक सुटत नाही. मी मागच्या ओट्यावर भांडी घासत असायची. मलाही ते खरं वाटायचं.

लोणावळ्याहून कुसगावकडे जाताना एका शेठचा बंगला होता. तो भाड्याने घेऊन एका चित्रकाराने तिथं कलाशाळा काढली होती. आम्ही त्यांना हेडमास्तर म्हणायचो. मुंबई-पुण्याची वीस-पंचवीस पोरं तिथं राहून चित्रं काढायची, माती मळायची, गाणं शिकायची. दळण, पाणी आणि भांडी माझ्याकडे. महिन्यातून एकदा हे मास्तर पुण्याहून गाडीने यायचे, दुपारी भाषण करायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. भाषणांना नावं मोठी असायची. नाद आणि सौंदर्य. श्रवण आणि रस. फळ्यावर खडूने लिहिलेली ती नावं दुसऱ्या दिवशी मीच ओल्या फडक्याने पुसायची.

अंगाने काटकुळे, डोक्याला काळी टोपी, कोटाचं एक कोपर रफू केलेलं. सगळ्यांना तुम्ही म्हणायचे. हेडमास्तर मला तू म्हणायचे, ते बरोबरच होतं, मी भांडीवाली. मास्तर मला "बाई, तुम्ही" म्हणायचे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आमचा बोका पसरलेला असायचा, त्यालाही म्हणायचे, "आपण जरा सरकता का?" बोका सरकत नसे. मास्तर त्याला ओलांडून जायचे.

एकदा त्यांनी माझी कळशी मागून नेली. पोरांना पाठ फिरवून बसवलं आणि तांब्याने पाणी ओतत राहिले. कळशी भरत आली असं वाटेल तेव्हा हात वर करा, म्हणाले. सगळ्या पोरांनी बरोबर वेळेला हात वर केले आणि मोठा शोध लागल्यासारखं एकमेकांकडे बघितलं. मला हसू आलं. नळावरची कुठलीही बाई दुसऱ्या खोलीतून ओळखते, भांडं भरत आलं की आवाज बारीक होत जातो. त्यासाठी पुण्याहून माणूस कशाला आणायचा? पण मास्तर पुढं म्हणाले, "पाणी गात नाही. आतली रिकामी जागा गाते. ती कमी होते तसा आवाज वर जातो. जागा संपली की गाणं संपलं."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पुढं कितीतरी दिवस मी कळशी भरताना उगीच थांबायची.

घाटात विजेची इंजिनं येऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. मास्तर जुन्या इंजिनांबद्दल फार सुंदर बोलायचे. गाडीला पुढून एक आणि मागून एक, दोघांचे श्वास कसे आधी मागंपुढं पडायचे आणि चढावर कसे एका लयीत यायचे. "आता घाट मुका झाला," म्हणायचे. ऐकणारे माना डोलवायचे. झालाच होता थोडा.

तर त्या बोक्यानेच एकदा तिवईवरचा हंडा पाडला. पितळी हंडा, खाली फरशी. वरच्या मजल्यावरची पोरं धावत जिन्यात आली. मास्तर तीन हातांवर खुर्चीत बसून कागद वाचत होते. त्यांनी डोकं वर केलं नाही.

पोरं गेल्यावर मी त्यांच्या पाठीमागं जाऊन उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमच्या धोतराला इस्तव लागलाय."

मास्तरांनी पान उलटलं.

मी समोर आले. "मास्तर, तुमाला ऐकू येत न्हाई."

माझ्या तोंडावरून त्यांनी ते वाचलं. आधी दाराकडे बघितलं, दार उघडं आहे की बंद ते. मग कागद मांडीवर ठेवले.

"कोणाला सांगितलंत?"

"कुनाला सांगू? बोक्याला?"

ते हसले नाहीत. सांगायला लागले. पुण्यात शिकवणी होती, बरीच मुलं यायची. कान जायला लागला तशी एकेक गेली, कोणाला कारण कळलं नाही, त्यांनी कळू दिलं नाही. शेवटी ही महिन्याची एक दुपार उरली. "बाई, आवाज मला सगळे आठवतात," म्हणाले. "बोलायला तेवढं पुरतं. पण ज्याला ऐकू येत नाही त्याचं बोलणं कोणी ऐकणार नाही. हे गेलं की माझ्याकडे काही नाही."

मी म्हणाले, "मला कोन इचारतंय. आन म्या आपनहून सांगत न्हाई."

तेव्हापासून त्यांचं भाषण असलं की मी तांदूळ निवडायला सूप घेऊन दिवाणखान्याच्या दारात बसायला लागले. मागून कोणी प्रश्न विचारला की मी सूप उचलायची आणि ज्या पोराने विचारला त्याच्याकडे तोंड करायची. मास्तर तिकडे बघून म्हणायचे, "उभे राहा. माझ्याकडे बघून सावकाश बोला. प्रश्नालाही लय असते." पोरं उभी राहून लयीत प्रश्न विचारायची. हेडमास्तरांना ही शिस्त फार आवडली. दीडएक वर्ष आमचं असं चाललं आणि माझे तांदूळ इतके निवडले जात की खडा म्हणून सापडत नसे.

मग त्यांच्या मनाने घेतलं की जात्यावरच्या गाण्यावर बोलायचं.

"तुम्ही दळताना म्हणता ना?"

"दळताना कोन म्हनत न्हाई?"

"पोरांपुढं म्हणाल?"

"न्हाई."

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्यांची आई पहाटे दळायची, ते तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचे. दगडाची घरघर अंगात यायची आणि वरून तिचा आवाज. पुस्तकात ते मिळत नाही, पोरांनी एकदा तरी ऐकायला हवं, असं म्हणत राहिले. शेवटी मी हो म्हणाले. कंटाळून म्हणाले, दया येऊन नाही.

दोन पोरांनी माझं जातं उचलून दिवाणखान्यात नेलं. खाली सतरंजी घातली. हेडमास्तर खुर्चीत, पोरं भिंतीपर्यंत बसलेली. मी नाचणीचा घास घातला आणि खुंटा धरला.

तुमच्यापैकी ज्या बायकांनी दळलं असेल त्यांना ठाऊक आहे. ओवी ही आपली आणि दगडाची गोष्ट. घरातलं माणूस शेजारी झोपलेलं असलं तरी ते ऐकत नाही असं धरायचं असतं. माझ्या ओव्यांत माझी लेक होती. दोन वर्षांची होऊन गेली ती. रोज पहाटे मी तिचं नाव घ्यायची, दिवसभरात पुन्हा घ्यायची नाही. ते नाव मी पंचवीस पोरांपुढं कसं काढू? दुसरी ओवी म्हणावी तर त्या घडीला एकही आठवेना. जातं मात्र फिरत होतं.

मी ओठ हलवले.

मास्तरांना आवाज जाणार नाही हे मला माहीत होतं. पोरांना वाटेल जात्याच्या घरघरीत हळू म्हणत असेल. एवढाच हिशेब केला.

मास्तर दोन पावलांवर उभे होते, नजर माझ्या तोंडावर. माझे ओठ थांबले की ते "वा" म्हणायचे. मग पोरांना सांगायला लागले. "दगडाचा आवाज खाली धरून ठेवतो, बघा. त्याच्यावर हा आवाज कसा निर्धास्त चाललाय. शेवटचं अक्षर किती हलकं सोडलं." डोळे मिटत नव्हते, पण तोंडावर असा आनंद होता की मला बघवेना. मी खाली पिठाकडे बघितलं आणि ओठ हलवतच राहिले.

पुढं बसलेला एक उंच पोरगा म्हणाला, "पण बाई गातच नाहीत."

मास्तर माझ्याकडे बघत होते, त्यांना ते कळलं नाही. ते बोलत राहिले. पोरं हसली. थोड्या वेळाने मास्तरांची नजर तिकडे गेली, त्यांना हसरे चेहरे दिसले, आणि पोरांना गाणं आवडलं असं समजून तेही हसले.

त्या हसण्याने खोली गप्प झाली. पोरं वाईट नव्हती.

हेडमास्तर उठून माझ्याजवळ आले. जातं थांबवायची खूण केली. "तू गात होतीस का? खरं सांग."

आता बघा. मी "व्हय, हळू म्हनत व्हते" एवढं म्हणाले असते तर झालं असतं. जात्याच्या आवाजात कोण छाती ठोकून सांगणार होतं? उलट त्या उंच पोराला दोन शब्द ऐकावे लागले असते. पण आमच्या घरात खोटं बोललेलं खपत नसे. माझी आई कुरवंडे गावची, तिने आम्हाला त्यासाठी चुलीतल्या लाकडाने मारलेलं. मी खोटं बोलत नाही याचा मला गर्व होता, गावात चार जणी मला त्यासाठी टरकून असायच्या. मी मास्तरांकडे बघितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काय म्हणते ते वाचायला.

"न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी ते वाचलं.

हेडमास्तर भले होते. पोरांना बाहेर पाठवलं, चहा मागवला. मास्तरांना जवळ बसवून, ज्याला ऐकू येत नाही त्याने नादावर बोलणं बरं दिसत नाही, असं समजावलं. अगदी हळू आवाजात. कशाला ते त्यांनाच माहीत. मग लक्षात आल्यावर कागदावर लिहून दिलं. मास्तरांनी वाचून कागद परत केला आणि तंबोऱ्याला गवसणी घातली.

स्टेशनपर्यंत तंबोरा मी खांद्यावर घेतला. त्यांनी नको म्हटलं, मी ऐकलं नाही. फलाटावर ते बाकावर बसले, मी तंबोरा सांभाळत खाली.

मग म्हणाले, "तुम्ही खरंच गात नव्हता?"

मी मान हलवली.

"मला ऐकू आलं," म्हणाले. "किती वर्षांनी ऐकू आलं. मग ते आईचं असेल."

मला एक सांगायचं होतं आणि गाडीची वेळ होत आली होती. मी तोंड उघडलं. दिवे लागायची वेळ, खंडाळ्याकडून धुकं उतरलेलं, माझं तोंड त्यांना दिसेना. ते पुढं वाकले, डोळे बारीक केले, मान हलवली. मग खिशातून भाषणाचे कागद काढले, एक उलटा केला आणि पेन्सिलीसकट माझ्या हातात दिला.

मी मराठी तिसरी शिकलेली. त्यानंतर पेन्सिल धरली नव्हती. कागद बाकाच्या कडेवर ठेवून, जीभ दातात धरून, एकेक अक्षर जुळवलं. "मी हो म्हणायला पाहिजे होतं." एवढंच लिहायला मला इतका वेळ लागला की शेजारचा हमाल येऊन बघून गेला.

मास्तर कागद घेऊन फलाटावरच्या दिव्याखाली गेले. वाचला. पुन्हा वाचला. घडी घालून आतल्या खिशात ठेवला. माझ्याकडून तंबोरा घेतला.

"बाई," म्हणाले, "तुमचं अक्षर सुंदर आहे."

गाडी आली, ते गेले. त्यानंतर ते लोणावळ्याला उतरल्याचं मला कधी कळलं नाही. पुण्यात कधी वारले, कोणाजवळ होते, तेही नाही. लढाई सुरू झाली तशी कलाशाळा मोडली आणि शेठने बंगला सैन्याच्या साहेबांना दिला.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकिरडा उकरावा तसं आहे. तेव्हाही तसंच होतं. ज्याची एकुलती दुपार मी घालवली, त्या माणसाला माझ्यासाठी एवढं खोटं बोलता आलं. मला त्याच्यासाठी एक शब्द बोलता आला नाही.